हिमोग्लोबिनवर विसंबू नकोस

द्वारकेजवळच्या अपघातातला पेशंट येतो, हिमोग्लोबिन १३ दिसतं आणि नवीन डॉक्टर निर्धास्त होतो. बाळा, इथेच घात होतो. रक्त वाहताना पेशी आणि प्लाझ्मा (रक्तातला द्रव) सोबतच जातात, म्हणून उरलेल्या रक्तातलं प्रमाण तेच राहतं. आकडा उतरायला तास लागतात. तेव्हा नाडी, बीपी, लघवी बघ.

अंगात एकूण रक्त किती, यासाठी वजनाच्या किलोमागे ७० मिली हा नुसता अंदाज, लठ्ठ माणसात तो हमखास जास्त येतो. खरं मोजमाप आयोडीन-१३१ (किरणोत्सारी आयोडीन) लावलेल्या अल्ब्युमिनचं, म्हणजे रक्तातल्या एका प्रथिनाचं: ते शिरेत टोचायचं आणि रक्तात किती पातळ झालं ते मोजायचं, पण ते स्थिर पेशंटसाठी. टोचलेल्या हातातून नमुना घ्यायचा नाही, दुसऱ्या हातातून घे. अल्ब्युमिन हळूहळू रक्तवाहिन्यांबाहेर झिरपतं, म्हणून चार-पाच नमुने, प्रत्येक ट्यूबवर घड्याळातली नेमकी वेळ, आणि आलेखाची रेघ मागे शून्य मिनिटापर्यंत, म्हणजे टोचल्या क्षणापर्यंत, न्यायची. टोचताना डोस थोडा जरी शिरेबाहेर गेला तरी रक्ताचा आकडा फुगतो. मग तो रिपोर्ट देऊच नकोस.