आइस हॉकीत एखादा खेळाडू पन्नाशीपर्यंत व्यावसायिक पातळीवर खेळू शकतो का?

हो, पण अपवाद म्हणूनच. बहुतेकांचे गुडघे आणि कंबर पस्तिशीच्या आसपासच हात टेकतात. यारोमीर यागर मात्र पन्नाशी उलटल्यावरही झेक लीगमध्ये क्लाद्नोकडून खेळला. तो त्याच्या जन्मगावचा संघ, आणि तेव्हा मालकही तोच! त्यामुळे 'याला संघात घेतो कोण' हा प्रश्नच नव्हता, हेही खरं.

पण म्हणून त्याला कमी लेखू नका. १९९० मध्ये एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च लीगमधल्या पिट्सबर्ग संघाने त्याला निवडलं आणि १९९१, १९९२ अशी लागोपाठ दोन वर्षं त्याने संघासोबत स्टॅन्ली कप, म्हणजे त्या लीगचं विजेतेपद, जिंकला. १९९८ ला नागानो ऑलिंपिकचं सुवर्ण. एनएचएलमध्ये नऊ संघांकडून मिळून १९२१ गुण (स्वतःचे गोल अधिक गोलला केलेली मदत). त्याच्या पुढे फक्त वेन ग्रेट्झ्की हा खेळाडू, २८५७ गुणांसह. तेही मधली तीन वर्षं रशियात खेळून.

टिकला कसा? माझ्या मते वेगावर फार अवलंबून नव्हता म्हणून. रिंकच्या कडेच्या फळीपाशी प्रतिस्पर्ध्याकडे पाठ करायची, भक्कम कंबर आडवी घालायची आणि लांब काठीने पक (खेळातली रबरी चकती) दूर धरून ठेवायचा. मागचा कितीही ढकलू दे, पक सुटायचा नाही. शिवाय रात्री उशिरा, अंगावर वजनं बांधून एकट्याने सराव करण्याचं वेड.

एनएचएलपुरतं विचाराल तर पन्नाशीनंतर खेळलेला म्हणजे गॉर्डी हाऊ. १९७९-८० च्या हंगामात हार्टफर्डकडून सगळे ८० सामने खेळला आणि हंगाम संपायच्या आत ५२ वर्षांचा झाला. त्याच संघात त्याची दोन मुलंही होती.