‘द सिम्पसन्स’ या अमेरिकी कार्टून मालिकेच्या हॅलोविन भागात मेलेली पात्रं पुढच्या भागात जिवंत कशी?

कारण ‘ट्रीहाउस ऑफ हॉरर’ नावाचे हे हॅलोविनचे भाग मूळ कथानकात धरलेच जात नाहीत. १९९० च्या ऑक्टोबरात पहिला भाग आला, तेव्हापासून साचा बहुधा तोच: एका भागात तीन सुट्या भयकथा, एकीचा दुसरीशी संबंध नाही. १९९४ चा पाचवा भाग मी कितीदा तरी पाहिलाय. शाळेचं मैदान सांभाळणारा विली तिन्ही कथांत पाठीत कुऱ्हाड बसून कोसळतो, मारणारा दर वेळी वेगळा, आणि पुढच्या कथेत विली पुन्हा धडधाकट! फार सुंदर रचलंय. फक्त घरात लहान मुलं असतील तर हा भाग नको, रक्त बरंच आहे. त्यांना पहिला दाखवा. त्यात सिम्पसन्सचा मुलगा बार्ट एडगर ॲलन पोच्या कवितेतला कावळा झालाय.