यवतमाळला राहायला यावं का? मत देणाऱ्याचा पगार कुठून येतो ते आधी विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये, कंपनीने कायमचं घरून काम मंजूर केलंय. तुमच्या पत्नी (त्यांना मी ताई म्हणतो) पुण्यातच एका खासगी फर्ममध्ये अकाउंट्स सांभाळतात. मुलगी दुसरीत. आई-वडील दारव्ह्याजवळ गावी, थोडी शेती. पुणं सोडून यवतमाळला बस्तान हलवावं असं मनात आहे, पण विचारलेल्यांपैकी निम्मे म्हणतात स्वर्ग आहे आणि निम्मे म्हणतात येऊन फसाल. यातलं खरं कोणाचं धरायचं?

दोघांचंही. मी इथेच वाढलो, शिक्षण-नोकरीची वर्षं बाहेर काढली आणि परत येऊनही आता बराच काळ झाला. या शहराबद्दल लोक भांडतात तेव्हा मी एकच गोष्ट बघतो: बोलणाऱ्याचा पैसा कुठून येतो. महिन्याच्या महिन्याला बाहेरून पगार जमा होणारा माणूस, म्हणजे शिक्षक, महसूलचा कर्मचारी, बँकवाला, पेन्शनर आणि आता तुमच्यासारखे घरून काम करणारे, यवतमाळला नावं ठेवताना फारसा दिसणार नाही. भाडं पुण्याच्या मानाने किरकोळ, पंधरा मिनिटांत गावाच्या या टोकाहून त्या टोकाला, दुपारी घरी येऊन जेवायचं, वर तासभर डुलकी. तो खरंच सुखात असतो. मात्र ज्याला याच बाजारातून कमवायचंय, तो दुकानदार असो, वकील असो की मोबाईल दुरुस्त करणारा पोरगा, त्याचं गाणं वेगळं असतं. तेही खरं असतं.

कारण इथला बाजार कापसावर चालतो. हे पुण्यात बसून कळत नाही, आणि इथे राहणाऱ्या पगारदारालाही कळतंच असं नाही. दिवाळीच्या सुमारास वेचणीचा कापूस घरात येतो, जिनिंगवर, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यांवर, गाड्यांच्या रांगा लागतात, आणि तिथून होळीपर्यंत मेन लाइनच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. सोनं, कपडे, मोटरसायकल, लग्नाचा बस्ता, थकलेली शाळेची फी, सगळं त्या चार महिन्यांत. जूनमध्ये पैसा बी-खताच्या दुकानात जातो आणि बाकी बाजारात माश्या मारत बसायची वेळ येते. किराणावाल्याची उधारी कापूस विकेपर्यंत चालते. पंपावर, दवाखान्यात, कोचिंगमध्येसुद्धा "कापूस गेला की देतो भाऊ" हे ऐकायला मिळतं आणि ते ऐकून घ्यावं लागतं.

म्हणून मत देणाऱ्याने इथे कोणतं साल पाहिलंय हेही विचारा. २०१७ ला पाऊस कमी झाला, त्यातच गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला, आणि फवारणीच्या विषबाधेने जिल्ह्यातल्या शेतकऱ्या-मजुरांचे जीव गेले. पुढच्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह, ज्यांच्यावर शहराची तहान भागते, ती दोन्ही धरणं तळाला गेली. नळाला पंधरा-वीस दिवस पाणी नाही, टँकरमागे धावायचं, रात्री दोनला ड्रम भरायचे. त्या वर्षी इथे दुकान टाकलेल्या माणसाला तुम्ही यवतमाळबद्दल विचारलंत तर तो काय सांगेल? उलट २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. त्या वर्षी परत आलेला माणूस अजूनही सांगतो की यवतमाळमध्ये पैसा आहे फक्त धंदा करायला आला पाहिजे. २०२५-२६ ला सरकारने लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये हमीभाव जाहीर केला, पण २०२५ च्या ऑगस्टमध्ये कापसाच्या आयातीवरचं अकरा टक्के शुल्क वर्षअखेरपर्यंत उठवलं. तुम्ही कोडिंग करता, तुम्हाला याचं काय, असं वाटेल. पण तुमच्या घरमालकाचा मूड, मुलीच्या शाळेतली सहल आणि गल्लीतल्या मेसची भाजी हे सगळं या आकड्यांवर हलतं.

पाण्याचं सांगतो, कारण त्यावरून सगळ्यात जास्त घाबरवलं जातं. २०१८ सारखं दर वर्षी होत नाही. बेंबळा प्रकल्पावरून पाणी आणायची योजना रखडत रखडत का होईना पुढे सरकली. तरी रोज चोवीस तास नळाची सवय घेऊन येऊ नका. टाकी मोठी ठेवायची, आणि एप्रिल-मेमध्ये पाणी कधी येणार याची वेळ शेजाऱ्यांना पाठ असते ती आपणही पाठ करायची. उन्हाळ्याचं म्हणाल तर शहर साडेचारशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, चंद्रपूर-नागपूरपेक्षा जरा बरं. कुलर लागतोच. इंटरनेट फायबर आहे, चांगलं चालतं. वादळात तार तुटली की लाइट जाते, म्हणून इन्व्हर्टर घ्या आणि दुसऱ्या कंपनीचं एक सिम राखून ठेवा.

आता तुमच्या घराकडे. तुमचा पगार पुण्याहून येणार, म्हणजे तुम्ही पहिल्या गटातले, तुम्हाला यवतमाळ आवडणार हे मी आत्ताच लिहून देतो. ताईंना मात्र नोकरी इथल्या बाजारात शोधायची आहे. एकाच घरात, एकाच छपराखाली, एकाच शहराबद्दल दोन मतं होणार आहेत आणि त्यात कोणाचाही स्वभाव आड येत नाही. तुम्ही प्रश्नात त्यांच्याबद्दल एकच ओळ लिहिलीत, "तिलाही काहीतरी मिळेलच". हे "काहीतरी" काय असतं ते सांगतो. अकाउंट्सचं काम इथे आहे: जिनिंग, पतसंस्था, गाड्यांची शोरूम, मोठे दवाखाने, कर सल्लागारांची कार्यालयं. पुण्याच्या निम्मा पगार मिळाला तर नशीबवान म्हणतात. शिक्षणसंस्थेत पक्की जागा हवी तर त्याला काय लागतं हे विदर्भातल्या माणसाला मी सांगायला नको. त्यापेक्षा त्यांनी आहे त्याच फर्मकडे अर्धवेळ घरून काम मागावं, आणि इथे दोन-तीन व्यापाऱ्यांचं जीएसटीचं काम हळूहळू धरावं. धरताना एवढंच लक्षात ठेवावं की व्यापारी जूनमध्ये फी देत नाही.

दुसरी गोष्ट पैशापलीकडची. छोट्या शहराचं कौतुक करणारे बहुतेक पुरुष असतात, हे तुमच्या लक्षात आलंय का बघा. "इथं सगळे ओळखतात" हे पुरुषाला सोयीचं जातं. तहसीलला गेलं की वर्गमित्र भेटतो, फेरफाराचं काम चहावर होतं. तेच वाक्य सुनेच्या बाबतीत, "तुमची सून काल दत्त चौकात दिसली, एकटीच होती" असं होऊन सासूच्या कानावर जातं. माझ्या ओळखीतल्या एक बाई पुण्याहून आल्या, संध्याकाळी एकट्या फिरायला जायच्या. महिनाभरात कॉलनीतल्या तीन घरांनी त्यांच्या नवऱ्याला विचारलं, "वहिनींचं काही बरं नाही का?" विचारणाऱ्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हीच तर पंचाईत आहे. अलीकडे पहाटे बायकांचे चालण्याचे गट झालेत, जिम आहेत, मुली बिनधास्त स्कूटी पळवतात, सवलतीत एसटीने एकट्या अमरावतीला जाऊन येतात. बदल आहे. पण पुण्यातलं कोणीही न ओळखण्याचं सुख इथे नाही, आणि ते ज्याला हवंय त्याला ते स्वस्त भाड्यात भरून मिळत नाही.

तीच ओळख अडचणीला कशी धावते हेही सांगायला हवं, नाहीतर माझं उत्तर एकांगी होईल. घरात कोणी गेलं तर तुम्हाला फोन करायची वेळ येत नाही. तिरडीचं सामान, भटजी, बाहेरगावच्यांची जेवणं, सगळं गल्ली उचलते. रात्री बाबांना छातीत दुखलं तर गाडी काढणारे चार हात असतात. पुण्यातल्या सोसायटीत असं होत नाही असं म्हणणार नाही, पण इथे ते गृहीत धरलेलं आहे.

आणि याचीच एक बाजू कोणी लिहीत नाही म्हणून मी लिहितो. घर भाड्याने बघायला जाल तेव्हा आडनाव विचारतील. "गाव कोणतं, कोणत्या पाटलांपैकी" अशा गोड वळणाने विचारतील. आडनाव सोयीचं असेल त्याला शहर प्रेमळ वाटतं. नसेल त्याला तीन दारं बंद होऊन चौथं उघडतं, तेही ठराविक वस्तीत. छोट्या शहराच्या आपुलकीबद्दल लोकांची मतं इतकी टोकाची का, याचं अर्धं उत्तर इथे आहे. तुमचं आडनाव मला माहीत नाही, माहीत करून घ्यायचंही नाही.

दवाखान्याबद्दल तुम्ही आई-वडिलांच्या काळजीने विचारलंत. रोजचं दुखणं, बीपी-शुगर, हाड मोडणं, मोतीबिंदू यासाठी यवतमाळ पुरेसं आहे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालय १९८९ पासून आहे, गर्दी भयंकर, पण अपघात, साप चावणं, विषबाधा यात तिथल्या डॉक्टरांचा हात बसलेला आहे. गुंतागुंतीचं काही निघालं की लोक वर्ध्याकडच्या सेवाग्राम किंवा सावंगीच्या मोठ्या दवाखान्यांत जातात, तिथून पुढे नागपूर. नागपूरचं एम्स मिहानमध्ये, वर्धा रोडच्या बाजूलाच आहे, त्यामुळे आपल्याकडून जाताना शहर ओलांडावं लागत नाही. चौपदरी रस्त्याने नागपूर आता अडीच-तीन तासांवर आलंय. ज्यांना दर महिन्याला मोठ्या तज्ज्ञाकडे जावं लागतं त्यांना हे अंतर चिडवतं, बाकीच्यांना आठवतही नाही. बाबांचं आजारपण कोणत्या प्रकारचं आहे त्यावर ठरवा.

मुलीच्या शाळेची दहावीपर्यंत काळजी करू नका. सीबीएसईच्या शाळा आहेत, रिक्षाने दहा मिनिटांत पोचते, खेळायला मैदान आहे. अकरावीला प्रश्न उभा राहतो. नीट-जेईईसाठी पोरं अकोला, नागपूर, लातूर गाठतात, आणि आई दोन वर्षं तिकडे खोली करून राहते. म्हणजे आठ-नऊ वर्षांनी तुमचं घर पुन्हा दोन गावांत वाटलं जाऊ शकतं. आजच धसका घ्यायचं कारण नाही, पण पुण्यातला फ्लॅट विकून इथे बंगला बांधायचा बेत असेल तर तो आत्ता करू नका. फ्लॅट भाड्याने द्या.

पुण्याला जाणं-येणं अजूनही रात्रभराचं आहे. ट्रॅव्हल्स रोज सुटतात, दिवाळीत भाडं ऐकून घाम फुटतो. रेल्वेसाठी धामणगाव किंवा वर्धा गाठायचं. शकुंतला, आपली मूर्तिजापूरची नॅरोगेज, कधीच बंद पडली आणि तिच्यावर कविता करणाऱ्यांपैकी फारच थोडे तिच्यात बसले होते. वर्धा–यवतमाळ–नांदेड ब्रॉडगेजचा कळंबपर्यंतचा तुकडा फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाला. त्या रेल्वेच्या नावावर अर्ध्या जिल्ह्यात ले-आउट विकले जाताहेत, समृद्धी महामार्गाच्या नावावर उरलेल्या अर्ध्यात. कोणी "स्टेशनपासून पाच मिनिटं" म्हणून प्लॉट दाखवला तर जागा बिगरशेती (एन.ए.) असल्याचा कागद मागा, रेरा नोंदणी मागा, सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग-२ (विकायला सरकारी परवानगी लागणारी जमीन) लिहिलंय का बघा, आणि जागा नझूलची, म्हणजे शहरातली सरकारी मालकीची, असेल तर पट्ट्याची मुदत तपासा. नझूल हे पुण्याकडच्या माणसाला नवीन असतं, विदर्भातल्या शहरांत पावलोपावली भेटतं.

शेतीबद्दल एकच. इथे राहून आठवड्यातून दोनदा गावी जाऊन शेती बघेन, असं तुम्ही लिहिलंय. दारव्हा चाळीसेक किलोमीटर, जाल नक्की. पण सध्या शेत मक्त्याने, म्हणजे ठरलेल्या रकमेवर दुसऱ्याला कसायला, दिलेलं असेल तर पहिलं वर्ष तसंच राहू द्या. वेचणीच्या दिवसांत मजूर मिळवणं हे पूर्णवेळ काम आहे आणि तुमची साडेदहाची मीटिंग त्यासाठी थांबणार नाही.

ठरवायचं कसं, तर एकटे येऊन ठरवू नका, आणि नवरात्रात तर अजिबात येऊ नका. यवतमाळचा दुर्गोत्सव बघून प्रत्येकाला इथेच राहावंसं वाटतं. ताईंना घेऊन मेमध्ये या. मुलीला सुट्ट्या असतील, तुमचं काम लॅपटॉपवर चालेल. महिनाभर घर भाड्याने घेऊन राहा, ताईंना त्या महिन्यात चार कार्यालयांत स्वतः विचारून येऊ द्या, आणि मग त्यांचं मत आधी ऐका. घर दारव्हा रोडच्या बाजूला बघा म्हणजे गावी जाणं सोपं पडेल. मे महिन्यात बोअरला पाणी टिकतं का हे घरमालकाला विचारू नका, शेजारच्या घरातल्या काकूंना विचारा.