गाडी पास होईल, पण ती आहे कुणाची?

प्रश्न: मी शहादा तालुक्यात एका संस्थेच्या शाळेत लिपिक आहे. पगार हातात ३४ हजार. दोन वर्षांपूर्वी दलालामार्फत सुरत पासिंगची २०११ ची वॅगनआर, कंपनीची सीएनजी, १ लाख ६५ हजारांना घेतली. येत्या नोव्हेंबरात तिला पंधरा वर्षं पूर्ण होतात. गॅरेजवाल्याने तपासून ४६ हजारांचा अंदाज दिला आहे. रिपासिंग (पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण) झाल्यावर गाडी दीड लाखाला सहज जाईल, असं तो म्हणतो. खर्च करावा की विकून हप्त्यावर नवी घ्यावी? जुने मालक सुरतेतल्या उधन्याचे, ओळखीतलेच आहेत. टीटी फॉर्मवर, म्हणजे मालकी बदलाच्या अर्जावर, त्यांच्या सह्या घेऊन ठेवल्या आहेत, रिपासिंगच्या वेळी नावावर करून घेईन. आरसीवर (नोंदणी पुस्तकावर) बँकेचा बोजा दिसतो, पण कर्ज फिटलंय म्हणतात. इन्शुरन्स फुल आहे, वर्षाला ८,४०० भरतो.

उत्तर: भाऊ, ४६ पैकी २१ हजार लावले की गाडी पास होण्यासारखी आहे. पण आज गॅरेजवाल्याला एक रुपयाही देऊ नका, कारण कागदोपत्री ही गाडी तुमची नाहीच. तुम्ही जे शेवटच्या चार ओळींत उरकलंत, खरा प्रश्न तिथेच आहे.

रिपासिंगचा अर्ज आरसीवर ज्याचं नाव त्यानेच करायचा असतो. विकत घेतलेली गाडी ३० दिवसांत नावावर करायला अर्ज द्यावा लागतो, आणि परराज्यातली गाडी १२ महिन्यांहून जास्त इथे ठेवली तर इथला नंबर घ्यावा लागतो. तुमच्या दोन्ही मुदती ओलांडून वर्ष उलटलं. सह्या केलेले कोरे टीटी फॉर्म कपाटात ठेवले म्हणजे गाडी आपली झाली, हा समज खान्देशात घरोघरी आहे. इथला नंबर घेण्यासाठी सुरतेच्या आरटीओकडून ना हरकत दाखला काढायचा तर ओटीपी जुन्या मालकाच्या मोबाइलवर जातो, थकलेले चलन आधी भरावं लागतं आणि बोजा असेल तर बँकेचं पत्र लागतं. उद्या त्या गृहस्थांचं बरंवाईट झालं, तर वारसांच्या सह्यांसाठी उधन्याच्या खेपा सुरू. नोंदणीची मुदत संपेपर्यंत थांबलात, तर आधी सुरतेत रिपासिंग आणि मग दाखला, असा उलटा फेराही पडू शकतो.

जुन्या मालकांचीही मान यात अडकली आहे, हे त्यांना स्पष्ट सांगा. अपघातात भरपाईची जबाबदारी आरसीवरच्या मालकावर येते, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये म्हटलं आहे. हे कळलं की ओळखीतला माणूस फोन लगेच उचलतो.

आता तुमचा ‘फुल इन्शुरन्स’. पॉलिसी अजून जुन्या मालकाच्या नावावर आहे ना? मग समोरच्याला इजा झाली तर थर्ड पार्टीचा भाग चालतो, पण तुमच्या गाडीचं नुकसान झालं तर कंपनी हात वर करणार. गाडी घेतल्यापासून १४ दिवसांत पॉलिसी नावावर करायची होती. चालक-मालकाचा १५ लाखांचा अपघात विमाही नोंदलेल्या मालकाचाच. तुम्हाला काही झालं तर घरच्यांच्या हाती त्यातलं काही येणार नाही. प्रीमियममधली नो क्लेम सवलतसुद्धा त्यांची, ती माणसाची असते, गाडीसोबत येत नाही.

हजार सीसीच्या आतल्या गाडीचा थर्ड पार्टी हप्ता २,०९४, जीएसटी धरून अडीच हजार. वरचे जवळपास सहा हजार, दोन वर्षांचे बारा, पाण्यात गेले. पॉलिसी विकणाऱ्याने आरसीवरचं नाव पाहिलं असणार, कमिशन बुडू नये म्हणून गप्प बसला.

बरं, पॉलिसी तुमच्या नावावर असती तरी या वयाच्या गाडीला ती परवडत नाही. दहा वर्षांपुढे लोखंडी भागावर ५० टक्के घसारा (जुनेपणाची कपात), रबर-प्लास्टिकवर ५० टक्के नेहमीच. ३,००० च्या बंपरचे १,५०० मंजूर, त्यातून दर क्लेमला आपण सोसायचे सक्तीचे १,००० वजा, हातात ५००. गाडी नावावर झाली की फक्त थर्ड पार्टी आणि १५ लाखांचा अपघात विमा घ्या. चोरीची भीती असेल तर गिअर लॉक लावा.

गॅरेजच्या यादीकडे येऊ. पूर्ण रंगकाम १८ हजार, टेफ्लॉन ४ हजार, इंजिन फ्लश ३ हजार: हे पंचवीस हजार खोडा. निरीक्षक चकाकी बघत नाही. तो ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, टायर, धूर आणि चासी नंबर बघतो.

राहिलेलं काम मात्र खरं आहे. लोअर आर्मचे बुश आणि बॉल जॉइंट, ४ हजार. आपल्याकडच्या उन्हात रबर लवकर तडकतं, खड्ड्यात ‘टक टक’ येतं ते तिथलंच. मागच्या ड्रममधले व्हील सिलिंडर गळतात, ऑइल लायनरवर उतरतं आणि हँडब्रेक धरत नाही. सिलिंडर, लायनर, ब्रेक ऑइल मिळून साडेतीन हजार. नुसते लायनर बदलून गळका सिलिंडर तसाच ठेवला, तर महिनाभरात तेच काम परत निघतं. सायलेन्सरचा मागचा डबा साडेतीन हजार. पुढचे दोन टायर साडेसहा हजार, नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेलेला टायर नापास, आणि कडेला भेगा असतील तर नक्षी शाबूत असली तरी बदला. पिवळ्या पडलेल्या हेडलाइटची पॉलिश आणि फोकस जुळवणी हजारभर. सीएनजी टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) दर तीन वर्षांनी लागते, तिचे अडीच हजार. झाले २१.

पैसे देण्याआधी एक काम घरीच करा. पायपुसणी आणि खालचं कार्पेट उचलून पत्रा स्क्रूड्रायव्हरने टोचा, दरवाजाखालची पट्टीसुद्धा. सुरतेची दमट हवा आणि तिथलं पुराचं पाणी, दोन्ही लोखंडाला वाईट. स्क्रूड्रायव्हर आत गेला किंवा चासी नंबर गंजून वाचता येईना, तर २१ हजारांचं गणित तिथेच मोडलं.

कागदांचा खर्च वेगळा. पंधरा वर्षांवरच्या कारची रिपासिंग फी एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० झाली. शिवाय हरित कर, महाराष्ट्राचा वयानुसार कमी झालेला रोड टॅक्स, नवी नंबर पाटी. हे सगळं मी ढोबळ २५ हजार धरतो. टॅक्सचा नेमका आकडा नंदुरबारच्या आरटीओतून काढा. म्हणजे एकूण पुन्हा ४६ हजारच, पण योग्य जागी. पाच वर्षांवर वाटले तर वर्षाला नऊ-सव्वानऊ हजार. नव्या गाडीसाठी चार लाखांचं कर्ज पाच वर्षांना काढलं तर हप्ता ८,४०० च्या घरात, तोही दर महिन्याला, म्हणजे पगाराचा चौथा हिस्सा. नवी गाडी सध्या डोक्यातून काढा. आणि दीड लाखाची आशाही: १ लाख ६५ हजारांना घेतलेली गाडी दोन वर्षं वापरून, पंधरा वर्षांची झाल्यावर दीड लाखाला कोण घेणार? तिची किंमत तुमच्या वापरात आहे.

आधी बँकेचं कर्ज फिटल्याचं पत्र मागा. ते नसेल तर कर्ज फिटलेलंच नाही असं धरा आणि दलालाला गाठा. पत्र मिळालं की बोजा उतरवा, मग ना हरकत दाखला, मग नंदुरबारला नाव आणि नंबर, आणि त्यानंतर गॅरेज. रिपासिंगचा अर्ज मुदतीच्या ६० दिवस आधीपासून करता येतो, म्हणून उधन्याचं काम सप्टेंबरच्या आत उरका. जुने मालक टाळाटाळ करू लागले तर ‘भंगारात देऊन मोकळा होतो’ असं म्हणू नका. अधिकृत स्क्रॅप केंद्रात या गाडीचे वीस-बावीस हजार येतील, पण तिथेही सही त्यांचीच लागते.