लॅबचे 12 पीसी जोडून जिल्ह्यातले तलाव मोजता येतील का?

प्रश्न: नमस्कार, मी सोलापूरला एमएस्सी करतोय. उजनीपासून हिप्परग्याच्या तलावापर्यंत जिल्ह्यातलं पाणी उन्हाळ्यात कसं आटत जातं ते सेंटिनेल-2 च्या सॅटेलाईट फोटोंवरून काढायचंय. बरीच वर्षं भरतील एवढे फोटो डाउनलोड केलेत पण 8 जीबी रॅमचा लॅपटॉप एकाच फोटोत हँग होतो. सरांनी रात्री लॅबचे 12 पीसी वापरायला दिलेत. काम 12 पट फास्ट होईल का? शेवटी उजनीचा थ्रीडी व्हिडिओपण करायचाय.

उत्तर: विषय फार चांगला निवडलात, आणि काम होईल, पण 12 पट नाही. 1967 मध्ये कॉम्प्युटर इंजिनिअर जीन अॅम्डाल यांनी मांडलेला हिशोब आजही लागू आहे, कामाचा 10 टक्के भाग जरी एकाच मशीनवर करावा लागला तरी 12 मशीनवर स्पीड जेमतेम 5.7 पट मिळतो.

आधी लॅपटॉप का हँग होतो ते बघा. सेंटिनेलच्या एका टाईलमध्ये (फोटोच्या एका चौकोनात) 10 मीटरच्या बँडला (एका रंगाच्या थराला, ज्यात एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे 10 मीटर) 10,980 बाय 10,980 म्हणजे 12 कोटी पिक्सेल असतात, 16-बिटमध्ये एक बँड साधारण 240 एमबी. पाणी ओळखायला हिरवा बँड वजा निअर इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणारा) बँड, भागिले दोघांची बेरीज, असं करतो, आणि ही वजाबाकी या 16-बिटमध्येच, ज्यात निगेटिव्ह आकडा बसत नाही, केली तर निगेटिव्ह उत्तराऐवजी 65 हजारच्या आसपासचे भलतेच आकडे येतात म्हणून सगळे आधी फ्लोट (दशांशवाले आकडे) करतात, पण पायथनमध्ये नुसतं फ्लोट लिहिलं की ते 64-बिट होतं आणि तोच बँड 960 एमबीचा होतो! असे चार-पाच अॅरे (आकड्यांचे तक्ते) एकदम रॅममध्ये आले की संपलं. फ्लोट32 लिहा, निम्मी रॅम तिथंच वाचेल.

आता वाटणी. माझं स्पष्ट मत, फोटोचे तुकडे करू नका, तारखा वाटा. एका पीसीला एक तारीख, त्यांना एकमेकांशी बोलायची गरजच पडत नाही. तुकडे केले की कडेवरचा पाझर तलाव दोन्हीकडे अर्धा-अर्धा येतो आणि मोजताना एकाचे दोन तलाव होतात, मग ते जुळवत बसा. 5 बाय 5 पिक्सेलचा फिल्टर लावायचा असेल तर प्रत्येक तुकड्याला चारी बाजूंनी 2 पिक्सेल जास्तीचे घ्यावे लागतात ते वेगळंच.

फोटो संध्याकाळीच ज्याच्या त्याच्या हार्डडिस्कवर कॉपी करून ठेवा. लॅबचा स्विच जुना 100 एमबीपीएसवाला असला तर एक बँड जायला 20 सेकंद लागतात आणि बाराही पीसी एकाच मशीनकडून मागायला लागले की लाईन तिथंच तुंबते, प्रोसेसर नुसते बसून राहतात. पीसींकडून परत फक्त तलावाचं नाव, तारीख आणि क्षेत्रफळ येऊ दे, ते काही केबीच असतं.

वाटपाला डास्क (मशीनना काम वाटून देणारी लायब्ररी) वापरा, पायथनमध्येच चालतं. एक मशीन शेड्युलर (काम वाटणारं), बाकीचे वर्कर (काम करणारे). लाईट जाऊन एखादा वर्कर बंद पडला तर त्याचं काम दुसऱ्याला दिलं जातं, पण शेड्युलर गेला की सगळंच गेलं, म्हणून यूपीएस एकच असेल तर तो शेड्युलरला लावा. आणि प्रत्येक तारखेचं उत्तर आलं की लगेच फाइलमध्ये लिहा, सकाळपर्यंत थांबू नका.

नकाशे रंगवताना एक काळजी घ्या. प्रत्येक पीसीने आपापल्या फोटोचा मिनिमम-मॅक्सिमम धरून रंग दिले तर मार्चचा निळा आणि मेचा निळा वेगळा होतो आणि न आटलेला तलाव आटल्यासारखा दिसतो. स्केल आधीच ठरवून सगळ्यांना तीच द्या.

व्हिडिओ तर सगळ्यात सोपा. सेकंदाला 25 फ्रेमच्या हिशोबाने 30 सेकंदांच्या 750 फ्रेम, प्रत्येक स्वतंत्र, एका पीसीला 62-63 येतात. सगळ्या मशीनवर पॅराव्ह्यूचं (थ्रीडी चित्रं काढणाऱ्या सॉफ्टवेअरचं) व्हर्जन एकच ठेवा आणि फाइलला 0001, 0002 असेच नंबर द्या, नाहीतर जोडताना 10 नंबरची फ्रेम 2 च्या आधी येते.