पेपरातला भाव, शेतातला भात

या महिन्यात आलेल्या बहुतेक पत्रांत तक्रार एकच आहे: बातमी वाचून तसं केलं, पण जमलं नाही. म्हणून पीक कोणतं यापेक्षा बातमी कशी वाचायची, यावरचे प्रश्न आधी घेतले आहेत.

प्रश्न : पेपरात वाशीचा भेंडीचा भाव चांगला छापून येतो, पण माझ्या पट्टीवर (विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठीवर) तो कधीच नसतो. आडत्या (माल विकून देणारा दलाल) फसवतो का? (एक वाचक, मुरबाड)

फसवणूक होतही असेल, पण आधी भावाची ओळ नीट वाचू. तिच्यात आवक, कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण असे चार आकडे असतात. आपली नजर थेट ‘जास्तीत जास्त’वर जाते. तो दर त्या दिवशीच्या सगळ्यात कोवळ्या, एकसारख्या निवडलेल्या मालाला मिळालेला असतो, मग तसा माल दोनच क्रेट असला तरी. ‘सर्वसाधारण’ म्हणजे वरच्या-खालच्या दराची सरासरी नव्हे, जास्तीत जास्त माल ज्या दराला गेला तो दर. तुमची तुलना त्याच्याशी करा. एककही बघा: फळभाज्यांचा दर क्विंटलला, म्हणजे १०० किलोला असतो आणि पालेभाज्यांचा १०० जुड्यांना.

नुसत्या हिशेबासाठी आकडे धरू. यादीत २४००, ४४०० आणि ३४०० आहेत. तुम्ही २० किलोचे १० क्रेट पाठवले. त्यातले ६ चांगले, ३६ रुपये किलोने गेले: ४३२० रुपये. उरलेल्या ४ क्रेटमध्ये जून भेंडी मिसळली होती, ती २४ रुपयांनी गेली: १९२० रुपये. एकूण ६२४०. क्रेटमागे ३० रुपये गाडीभाडं आणि १०० रुपये हमाली-तोलाई धरली तर हातात ५८४०, म्हणजे किलोला २९ रुपये २० पैसे. पेपरात ४४ वाचलेल्या माणसाला हे फसवल्यासारखंच वाटणार. पण इथली मोठी तूट आडत्याकडे झालेली नाही, ती तोडणीत झाली आहे. भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते. एक तोडा चुकला की शेंग जून होते आणि अख्ख्या क्रेटचा भाव पाडते. जून माल वेगळा भरला असता तर चांगल्या क्रेटची संख्या वाढली असती.

आता आडत्याकडे वळू. जुलै २०१६ मध्ये फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून वगळला गेला आणि आडत (आडत्याचं कमिशन) शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची असं ठरलं. पट्टीवर ‘आडत’, ‘कमिशन’ किंवा नुसतंच ‘इतर खर्च’ अशी कपात दिसली तर तिथेच विचारा. पट्टीवर वजन, दर आणि प्रत्येक कपात वेगळी लिहून मागा. पट्टी तोंडी सांगणाऱ्याकडे माल देऊ नका.

एक सवय लावून घ्या. सलग दहा दिवसांची आवक आणि सर्वसाधारण दर वहीत शेजारी-शेजारी लिहा. आवक घटून भाव चढला असेल तर तो चार दिवसांत उतरू शकतो, कारण तोच आकडा वाचून सगळे माल भरतात. आवक टिकून भाव चढत असेल तर मागणी खरी आहे. एका दिवसाच्या भावावर टेम्पो ठरवू नका.

प्रश्न : भाताला १००:५०:५० खत द्या असं वाचलं. माझं २० गुंठे आहे. एक गोणी युरिया लावणीनंतर एकदम टाकला. भात हिरवागार झाला आणि मग लोळला. शिफारसच चुकीची होती का? (एक वाचक, भिवंडी तालुका)

शिफारस बरोबर आहे. गोणीही जवळपास बरोबर होती. चुकली ती वेळ. याचं उत्तर सविस्तर देतो, कारण अशी पत्रं दर पावसाळ्यात येतात.

१००:५०:५० हे खताचे किलो नव्हेत. हे नत्र, स्फुरद आणि पालाश या अन्नद्रव्यांचे किलो आहेत आणि तेही हेक्टरी. हेक्टर म्हणजे ढोबळमानाने १०० गुंठे. तुमच्या २० गुंठ्यांना याचा पाचवा हिस्सा लागतो: २० किलो नत्र, १० किलो स्फुरद, १० किलो पालाश. युरियात नत्र ४६ टक्के असतं, म्हणून २० भागिले ०.४६, म्हणजे साडेत्रेचाळीस किलो युरिया. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरद १६ टक्के: साडेबासष्ट किलो, म्हणजे ५० किलोची सव्वा गोणी. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये पालाश ६० टक्के: साधारण १७ किलो.

युरियाची गोणी ४५ किलोची असते, त्यामुळे तुमचा एकूण युरिया बरोबर बसला. पण तो तीन वेळा विभागून द्यायचा होता: चिखलणीच्या वेळी (लावणीआधी खाचरात चिखल करताना) ४० टक्के (साडेसतरा किलो), फुटवे येताना तितकाच, आणि लोंबी धरू लागते तेव्हा उरलेला पावणेनऊ किलो. स्फुरद आणि पालाश मात्र चिखलणीतच पूर्ण द्यायचे. सगळं नत्र एकदम मिळालं की पात माजते, काडी मऊ राहते आणि भात लोळतो. करपा हा बुरशीचा रोगही अशाच हिरव्यागार खाचरात आधी शिरतो.

दुकानात १५:१५:१५ हे मिश्रखत (तिन्ही अन्नद्रव्यं १५-१५ टक्के) मिळालं तर हिशेब बदलतो. १० किलो स्फुरदासाठी ते ६७ किलो लागतं. त्यातच १० किलो पालाश आणि १० किलो नत्रही येतं. मग युरिया फक्त २२ किलो उरतो: १३ किलो फुटव्यांना, ९ किलो लोंबी धरताना. १५:१५:१५ दिल्यावरही पूर्ण गोणी युरिया टाकणारे बरेच आहेत. तसं केलं की नत्र दीडपट होतं.

वरखत (उभ्या पिकाला द्यायचं खत) देताना खाचरातलं पाणी काढा, चिखल दिसला पाहिजे. युरिया फोका आणि एक-दोन दिवसांनी पाणी पुन्हा बांधा. भरल्या खाचरात, त्यातून मोठ्या पावसाच्या आदल्या दिवशी टाकलेला युरिया बांधावरून ओढ्याला जातो.

प्रश्न : ऑरेंज अलर्ट ऐकून कापणी चार दिवस थांबवली. पाऊस शिंतोडाही नाही, उलट पिकलेला दाणा गळला. अंदाजावर विसंबायचं की नाही? (एक वाचक, शहापूर)

विसंबायचं, पण बातमीच्या मथळ्यावर नव्हे. अलर्ट जिल्ह्यासाठी असतो. ठाणे जिल्ह्याच्या एका टोकाला मीरा-भाईंदरची खाडी आणि दुसऱ्या टोकाला माळशेजचा पायथा, पण रंग एकच. त्या रंगाखालचं वाक्य वाचा. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे भागातल्या जास्तीत जास्त २५ टक्के पर्जन्यमापन केंद्रांवर, ‘काही ठिकाणी’ म्हणजे २६ ते ५० टक्के. ‘तुरळक ठिकाणी मुसळधार’ असेल तर तुमच्या शिवारात काहीच न पडण्याची शक्यताही मोठी असते, आणि त्यामुळे अंदाज चुकला असं होत नाही. ‘मुसळधार’चीही व्याख्या आहे: २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर. त्यापुढे २०४.४ पर्यंत ‘अति मुसळधार’. हे २४ तास सकाळी साडेआठ ते साडेआठ मोजतात. एका गुंठ्यावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे साधारण १०० लिटर पाणी, यावरून खाचरात काय होईल ते डोळ्यासमोर येईल.

कापणीसाठी अलर्टपेक्षा कृषी हवामान सल्ला कामाचा. तो मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो आणि पुढचे पाच दिवस सांगतो. कापलेला भात वाळायला दोन-तीन कोरडे दिवस लागतात, म्हणून शुक्रवारी शनिवार ते सोमवार कोरडा दिसला तर शनिवारी सकाळी विळा लावा. अंदाज दोलायमान असेल तर एका दिवसात उचलून झाकता येईल तेवढंच कापा. लोंबीतले ८० ते ९० टक्के दाणे पिवळे झाले की हळवं (लवकर तयार होणारं) भात आणखी थांबवू नका. आणि आदिवासी विकास महामंडळाच्या केंद्रावर हमीभावाने द्यायचं असेल तर दाण्यातला ओलावा १७ टक्क्यांच्या आत हवा. २०२५-२६ च्या हंगामात साधारण भाताचा हमीभाव क्विंटलला २३६९ रुपये होता.

प्रश्न : एका रुपयात पीकविमा भरा असा निरोप फोनवरच्या गटावर फिरतोय. खरा आहे का? (एक वाचक, कल्याण तालुका)

जुना आहे. ती सवलत खरीप २०२३ पासून होती आणि खरीप २०२५ पासून बंद झाली. आता शेतकऱ्याचा हिस्सा विमा रकमेच्या खरिपाला २ टक्के, रब्बीला १.५ टक्के आणि नगदी पिकांना ५ टक्क्यांपर्यंत आहे. असे निरोप खोटे असतातच असं नाही, पण त्यांवर तारीख नसते. शासन निर्णयाची प्रत मागा. तिच्या सांकेतांकाचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. मंत्र्यांच्या भाषणातली घोषणा आणि निर्णय यांत कधी महिने जातात, तोवर पैसे कोणाच्या हाती देऊ नका.

प्रश्न : फोनवर भाताचा फोटो पाठवला, ‘करपा आहे’ म्हणून औषध सांगितलं. दोनदा फवारलं, फरक शून्य. (एक वाचक, घणसोली, शेती मुरबाडला)

करपा आणि कडाकरपा हे दोन वेगळे रोग आहेत आणि फोटोत फसगत होते. करपा बुरशीचा: पानावर चातीसारखे, दोन्ही टोकांना निमुळते डाग, मध्ये राखाडी, कडेला तपकिरी. कडाकरपा जिवाणूचा: पान शेंड्याकडून, कडांनी नागमोडी पिवळं-पांढरं वाळत येतं. बुरशीनाशक त्याला लागू पडत नाही. घरीच तपासा. रोगट पान निरोगी भागाच्या सीमेवर कात्रीने कापा आणि तुकडा काचेच्या पेल्यात स्वच्छ पाण्यात उभा धरा. काही मिनिटांत कापलेल्या टोकातून दुधाळ धागा पाण्यात उतरू लागला तर कडाकरपा. मग फवारणी थांबवा, नत्राचा राहिलेला हप्ता रोखून धरा आणि रोगट खाचरातलं पाणी शेजारच्या खाचरात जाऊ देऊ नका.

धागा दिसला नाही आणि डाग चातीसारखे असतील तर पुन्हा औषध घेण्याआधी मात्रा तपासा. डब्यावरचं पत्रक हेक्टरी बोलतं. हेक्टरी ५०० मिली औषध ५०० लिटर पाण्यात, असं असेल तर लिटरला १ मिली, १६ लिटरच्या पंपाला १६ मिली, आणि एक पंप तीन गुंठ्यांना. तोच पंप दहा गुंठ्यांवर फिरवला तर औषध तिसऱ्या हिश्शाहून कमी पडलं. पत्रकावर भात आणि करपा ही दोन्ही नावं छापलेली आहेत का तेही बघा, आणि बॅच क्रमांक लिहिलेलं बिल जपून ठेवा. पानाची खूण पटत नसेल तर किसान कॉल सेंटरला १८००-१८०-१५५१ वर सकाळी ६ ते रात्री १० मराठीत विचारता येतं. फोन करताना पीक किती दिवसांचं आहे, शेवटचं खत कधी दिलं आणि डाग आधी शेंड्याला आले की मधोमध, हे हाताशी ठेवा.