वाचकांचे प्रश्न : कोरा निरोप आणि ३०९ कोटी बाइट

प्रश्न : आमच्या गावातील शाळेच्या संगणक कक्षात लिनक्स आहे आणि रस्त्यापलीकडच्या जिनिंगच्या कार्यालयात विंडोज. सर्व संगणक ६४-बिट असून एकाच नेटवर्कवर आहेत. त्यांच्यासाठी मी सी भाषेत निरोप पाठवण्याचा लहानसा प्रोग्राम लिहिला. त्यात आधी निरोपाची लांबी ‘अनसाइन्ड लाँग’ या पूर्णांकाच्या प्रकारात जाते आणि मागोमाग यूटीएफ-८ (अक्षरे बाइटांत मांडण्याची पद्धत) वापरून मजकूर. शाळेतल्या शाळेत तो उत्तम चालतो. परंतु तिथून जिनिंगला ‘कापूस’ एवढाच शब्द पाठवला की तिकडे कोरी ओळ उमटते आणि नंतर प्रोग्राम गप्पच होतो. शिवाय ‘१०:३०’ अशी वेळ नावात घालून ठेवलेली नोंदीची फाईल तिकडे रिकामी दिसते. जागोजागी ‘इफडेफ’ (ठरावीक प्रणालीसाठीच कोड घेण्याची सूचना) घालून दोन्हींसाठी वेगळा कोड लिहावा काय?
– एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : वेगळा कोड नको, दोष ‘लाँग’मध्ये आहे. ६४-बिट लिनक्सवर तो आठ बाइटचा असतो, विंडोजवर मात्र चारच बाइटचा. ‘कापूस’मध्ये क, ा, प, ू, स अशी पाच युनिकोड चिन्हे आहेत आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८मध्ये तीन बाइट घेते, म्हणून शाळेतून आठ बाइटमध्ये १५ हा आकडा आणि पुढे १५ बाइट मजकूर निघतो. जिनिंगचा संगणक चार बाइट वाचून १५ हा आकडा बरोबर ओळखतो, पण लांबीचे उरलेले चार शून्य बाइट तो मजकुराचा आरंभ समजतो, आणि शून्यापाशी सी भाषेतील मजकूर संपत असल्यामुळे ओळ कोरी राहते. शेवटी ‘ू’चा एक आणि ‘स’चे तीन असे जे चार बाइट मागे राहतात, तेच पुढच्या निरोपाची लांबी म्हणून वाचले जातात. तो आकडा भरतो सुमारे ३०९ कोटी! तुमचा प्रोग्राम गप्प नाही. तो तेवढ्या बाइटची वाट पाहत बसला आहे.

लांबीसाठी नेमका ३२-बिटचा, म्हणजे सगळीकडे चारच बाइटचा, ‘यूइंट३२_टी’ घ्या. पाठवताना ‘एचटीओएनएल’ आणि वाचताना ‘एनटीओएचएल’ या फंक्शनने बाइटांचा क्रम ठरवा. अख्खे ‘स्ट्रक्ट’ (अनेक घटकांचा एकत्र गट) मात्र जसेच्या तसे पाठवू नका, कारण कंपायलर त्यात मधे रिकामे बाइट घालू शकतो.

फाईलचे कारण साधे आहे. विंडोजवर नावातील ‘:’ हे विसर्गासारखे चिन्ह चालत नाही. एनटीएफएस या विंडोजच्या फाईल साठवण्याच्या पद्धतीत त्यापुढचा भाग फाईलच्या आत दडलेला वेगळा प्रवाह ठरतो आणि मजकूर तिकडे जातो. त्या जागी आडवी रेघ वापरावी.

‘इफडेफ’ अगदीच टाळता येणार नाहीत. विंडोजवर सॉकेट (प्रोग्रामचे नेटवर्कशी जोडणीचे टोक) वापरण्याआधी ‘डब्ल्यूएसए-स्टार्टअप’ लागतो आणि सॉकेट ‘क्लोज’ने नव्हे, ‘क्लोजसॉकेट’ने बंद होतो. असे फरक एकाच फाईलमध्ये कोंडून ठेवा. खिडक्या आणि बटणे रेखाटणाऱ्या कोडला आपण कोणत्या प्रणालीवर चालत आहोत हे कळण्याचे कारण नाही. पूर्वी ‘गेम’ (Gaim) म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आणि २००७मध्ये नाव बदललेल्या ‘पिजिन’ या निरोपांच्या प्रोग्रामची रचना याच वळणाची आहे: निरोपांची देवाणघेवाण ‘लिबपर्पल’ ही लायब्ररी (इतर प्रोग्रामना वापरता येणारा कोडचा संच) करते आणि तिच्यावर पिजिनच्या खिडक्या, तसेच टर्मिनलमध्ये चालणारा ‘फिंच’, असे दोन्ही बसतात.

एवढे केल्यावर दोन-तीन हजार अक्षरांचा निरोप पाठवून पाहा. टीसीपी या नेटवर्कवरून बाइट वाहून नेणाऱ्या पद्धतीला निरोपाची हद्द कळत नाही, त्यामुळे एका ‘रिसीव्ह’मध्ये अर्धाच मजकूर, कदाचित एखाद्या अक्षराच्या मधोमध तुटलेला, हाती येऊ शकतो. लांबीइतके बाइट जमेपर्यंत वाचत राहणारा लूप तुमच्याकडे नसेल, तर तो आजच लिहावा.